दोन खांब आणि चार पोरं

गेल्या वर्षी जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी माहेरी गेले, तर सोप्यात चार अनोळखी पोरं चहा पीत बसलेली. दोन मुलगे, दोन मुली. कोपऱ्यात हेल्मेटं, गुंडाळलेले नकाशे, मोजपट्ट्या आणि तळाशी रुंद, वर निमुळतं असं लोखंडी नळकांडं. बाबा मधोमध बसून त्यांना काहीतरी रंगून सांगत होते. मला बघताच म्हणाले, "ये गं. ही आपली शाळा बांधायला आलीत."

बांधायला नव्हे, बांधकाम शिकायला. बेळगावच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातली स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची ही मुलं. आता या अभ्यासक्रमात इंटर्नशिप करावीच लागते. बहुतेकांची धाव पुण्या-बेंगळूरकडे असते. या चौघांना मात्र त्यांच्या सरांनी खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात पाठवलं होतं. शाळेचा आराखडा ज्या इंजिनियरांनी केला, ते त्या सरांचे मित्र. ते आठवड्यातून दोनदा येणार आणि ही मुलं रोज कामावर हजर राहणार, अशी व्यवस्था. गावात लॉज नाही, म्हणून मुलगे सोप्यात आणि मुली माजघरात. एकटे राहणारे बाबा खूश झाले होते.

मी पडले मराठीची प्राध्यापिका. सिमेंटशी माझा संबंध घराचे हप्ते फेडण्यापुरता. पण ती शाळा माझी होती. पहिली ते सातवी मी तिथंच शिकले आणि बाबा तिथंच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे लांबच लांब व्हरांडा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत मागची भिंत रात्री बसली. रात्री बसली म्हणून निभावलं. दिवसा बसली असती तर, हा विचार अजूनही करवत नाही. त्यानंतर दोन वर्ग देवळाच्या सभामंडपात भरू लागले. पुढे कोरोना आला आणि सगळंच थांबलं. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी लोकवर्गणी सुरू केली. गोव्यात हॉटेलांत काम करणाऱ्या पोरांनी, पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी, गावातल्या बायकांच्या बचत गटांनी पैसे घातले. शिक्षण खात्याची रीतसर परवानगी मिळाली. दोन वर्गखोल्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह एवढं काम ठरलं. कंत्राटदारही गावचाच, माझ्याच वर्गातला. आम्ही एकाच पट्टीवर बसून पाढे म्हटलेले. समितीच्या कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि दर शनिवार-रविवारी मी कामावर जाऊ लागले.

गुरुजींची परीक्षा

मला वाटलं होतं, इंजिनियर होणारी मुलं म्हणजे कॉम्प्युटरवर रेघा मारणारी मुलं. पण त्यांच्या सरांनी पहिला आठवडा फक्त ऐकायला आणि मोजायला सांगितलं होतं. इमारत ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी विचारा, रेघ नंतर मारा, हा त्यांचा दंडक.

पोरांनी बाबांना विचारलं, जुन्या शाळेत काय चुकलं होतं? आणि बाबांची गाडी सुटली. "पश्चिमेच्या खिडक्यांतून पावसाची झड आत यायची. तिसरीचा वर्ग जून ते सप्टेंबर अर्ध्या खोलीत बसायचा. नंतर वाढवलेल्या खोलीला पत्रे घातले, तर पाऊस लागला की माझं मलाच ऐकू येईना. फळ्यावर लिहून मुकाट्यानं शिकवायचो. आणि फळ्याच्या शेजारीच खिडकी होती. फळा असा चकाकायचा की डावीकडच्या मुलांना अक्षर दिसत नसे."

ती बैलहोंगलकडची मुलगी सगळं भराभर टिपून घेत होती. घरची कानडी. मराठी समजायचं, बोलताना अडखळायची. बाबांना ती अज्जा म्हणायची. रात्री जेवताना तिनं मला समजावलं, "मॅडम, अज्जांनी एका तासात आमचा एक अख्खा विषय शिकवला. उजेड, वारा, आवाज." मग तिनं नकाशा उलगडून दाखवला. खिडक्या शक्यतो उत्तर-दक्षिण, म्हणजे ऊन थेट डोळ्यांवर येत नाही. उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून, म्हणजे उजव्या हातानं लिहिताना वहीवर स्वतःच्या हाताची सावली पडत नाही. पश्चिमेला रुंद पागोळी. छप्पर पत्र्याचं नको. उताराचा स्लॅब आणि त्यावर कौलं, म्हणजे आवाज कमी आणि ऊनही कमी. खिडकीची उंबरठ्यापासूनची उंची ठरवण्यासाठी त्यांनी पहिली ते तिसरीच्या सगळ्या मुलांना भिंतीशी उभं करून खडूनं खुणा केल्या होत्या. मोठ्या माणसाच्या मापानं खिडकी काढली, तर सहा वर्षांच्या पोराला वर्गातून फक्त आभाळ दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलांनाही विचारलं होतं, नव्या शाळेत काय हवं? कुणी झोपाळा सांगितला, कुणी दप्तर अडकवायला खिळा. सातवीतली एक मुलगी मात्र बाकीच्या गेल्यावर हळूच येऊन म्हणाली, "संडासाचं दार रस्त्याकडं नको." माझ्या पोटात कालवलं. आम्ही मुली दिवसभर पाणी प्यायचो नाही, तहान लागली तरी. तेव्हा ते कुणाला सांगायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळ्याविना पोहोचता येईल अशी वाट हे सगळं शाळेला बंधनकारक केलं. पण दार कोणत्या बाजूला, हे कायदा सांगत नाही. ते त्या मुलीनं सांगितलं आणि पोरांनी इंजिनियरांना सांगून दार फिरवलं.

अठरा फुटांचा उतार

आमच्या गावात पहिलीत येणारा एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर आहे. आराखड्यात उतार होता, पण कामावरच्या माणसांनी जागा वाचवायला तो सहा फुटांत बसवायचं ठरवलं होतं. चौघांतला सगळ्यात गप्प मुलगा मोजपट्टी घेऊन उभा राहिला. "एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जोतं दीड फूट आहे, म्हणजे अठरा फूट."

"अठरा फूट? अर्धं अंगण जाईल की!" मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. शेजारच्या घरातली दोन लाकडी फळकुटं आणून त्यानं सहा फुटांचा उतार तयार केला. एका मित्राला त्या मुलाच्या खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, ढकला." मी ढकललं. अर्ध्यावर दम लागला. वरून खाली आणताना तर खुर्ची हातातून सुटते की काय असं झालं. उतार अठरा फुटांचाच झाला. अंगण गेलं नाही, कडेकडेनं वळवला इतकंच.

आखणीच्या दिवशीची गंमत सांगायलाच हवी. खोलीचे कोपरे काटकोनात यायला हवेत. मेस्त्रीमामांनी खुंट्या मारल्या, दोरी ताणली, एका बाजूला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली. "झालं गुण्यात," म्हणाले. पोरं एकदम ओरडली, "पायथागोरस!" मामांनी विचारलं, "त्यो कोण? कुठल्या गावचा मेस्त्री?" बाबा हसून हसून खोकू लागले. "इतकी वर्षं सातवीला फळ्यावर काढत आलो," ते म्हणाले, "पण जमिनीवर काढून दाखवायचं कधी सुचलं नाही." दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग दोऱ्या घेऊन मैदानात!

दार बाहेर का उघडतं?

संध्याकाळी इंजिनियर आले की ओट्यावर त्यांचा तास भरायचा. मीही बसू लागले. ते नियम सांगत नसत, त्या नियमामागची घटना सांगत.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली. स्वयंपाकघरातली ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्या घटनेनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००९ मध्ये न्यायालयानं देशभरातल्या शाळांच्या इमारतींच्या सुरक्षेबाबत आदेश दिले. "म्हणून आपलं स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळं," इंजिनियर म्हणाले. "म्हणून वर्गाचं दार बाहेर उघडतं. घाबरलेली पोरं दारावर लोटली, तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही."

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट तर आमच्या पिढीला आठवते. जाड दगडमातीच्या भिंती आणि माथ्यावर मातीचं जड धाबं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. २००१ च्या २६ जानेवारीला गुजरातेतल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुलं आणि शिक्षक दोन्ही बाजूंची घरं कोसळून गेले. बाबांना त्याच्याही आधीचं आठवत होतं. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना. "पहाटे मांडणीवरची भांडी वाजली होती," ते म्हणाले. भूकंपाच्या नकाशात २०१६ च्या मानकानुसार आपलं बेळगाव तिसऱ्या श्रेणीत येतं. म्हणजे फार भीती नाही, पण निर्धास्तही राहता येत नाही. म्हणून खांबांच्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात वाकवायची नाहीत, ती आत, गाभ्याकडे वळवायची. धक्का बसला तर काटकोनातली रिंग उघडते, आत वळवलेली धरून ठेवते. म्हणून खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा.

मला ऐकताना वाटायचं, या नियमांच्या पुस्तकातली एकेक ओळ कुठल्या तरी गावच्या पोरांनी जीव देऊन लिहून ठेवली आहे.

एक बादली पाणी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

फेब्रुवारीत खांब ओतायला सुरुवात झाली. एका शनिवारी मी कामावर पोहोचले तेव्हा चार खांब ओतून झाले होते, दोन उरले होते. तेवढ्यात वीज गेली. काँक्रीट आत नीट बसवणारा व्हायब्रेटर विजेवरचा. जनरेटर आणायला खानापूरला माणूस पाठवला, तो काही येईना. मिक्सर डिझेलवरचा, तो चालू. ऊन चढलेलं, मजूर खोळंबलेले. मेस्त्रीमामांनी मिक्सरमध्ये एक बादली पाणी जास्त ओतलं. पातळ झालेला माल सळ्यांच्या जाळीतून सरसर खाली उतरला.

ती बैलहोंगलची मुलगी पुढे झाली. "मामा, पाणी जास्त झालं."

मामा हसले. "पोरी, तुझ्या वयाएवढी वर्षं थापी धरलीया. माल खाली उतराय नको? आत भोकं राहिली मग?"

ती माझ्याकडे बघू लागली. आणि मी काय म्हणाले? "राहू दे गं. अनुभवी माणूस आहे. मोठ्यांना असं सर्वांसमोर बोलू नये."

ती गप्प झाली. पण त्याच मालातले सहा ठोकळे तिनं साच्यांत भरून घेतले, त्यावर तारीख आणि खांबांचे नंबर घातले आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यात बुडवून ठेवले.

रात्री तिनं रोजनिशी तपासायला माझ्याकडे दिली. कॉलेजात द्यायची म्हणून भाषा बघून द्या, म्हणाली. इंग्रजीत लिहिलेली. हवामान, मजुरांची संख्या, सिमेंटच्या गोण्या, सगळं नेटकं. शेवटची ओळ अशा अर्थाची होती: खांब पाच आणि सहामध्ये पाणी जास्त पडले. मी एकदा सांगितले. नंतर बोलले नाही.

त्या ओळीत व्याकरणाची चूक नव्हती. चूक माझी होती. वर्गात मी मुलींना सांगते, मत मांडा, प्रश्न विचारा. आणि एका मुलीनं योग्य जागी, योग्य वेळी, योग्य शब्दांत मत मांडलं तेव्हा मीच तिला गप्प केलं होतं. मला झोप लागली नाही.

सकाळी मी तिला विचारलं, "एका बादलीनं एवढं काय होतं?" तिनं वहीवर मांडून दाखवलं. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. आमच्या खांबांच्या मालाला गोणीमागं साधारण २५ लिटर पाणी पुरतं. बादली १५ लिटरची. म्हणजे ४० लिटर झालं. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं तेवढंच पाणी ते धरतं. उरलेलं पुढे उडून जातं आणि जाताना मागं बारीक पोकळ्या ठेवून जातं. वरून खांब गुळगुळीत, आतून पोकळ. आमटीत पाणी वाढवलं की वाढणी वाढते, चव राहत नाही, तसंच हे. ते लोखंडी नळकांडं याच कामाचं. एक फूट उंचीच्या त्या साच्यात माल भरायचा, साचा उचलायचा आणि माल किती खाली बसतो ते मोजायचं. फार बसला तर पाणी जास्त. मामांची अडचण खरी होती आणि त्यांनी शोधलेला उपाय चुकीचा होता. वीज नसेल तर काम थांबवायचं, पाणी घालायचं नाही.

ठोकळे फुटले

सात दिवसांनी तीन ठोकळे बेळगावला प्रयोगशाळेत दाबून फोडले. पोरं आणि मी, आम्ही सगळेच तिथं उभे. आमच्या खांबांचं काँक्रीट 'एम-२०' दर्जाचं ठरलेलं. म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसायला हवा आणि सात दिवसांत त्याच्या साधारण दोन तृतीयांश, तेरा-साडेतेरा. आधीच्या चार खांबांचे ठोकळे चौदाच्या पुढे गेले. पाच आणि सहाचे साडेआठच्या आसपास फुटले.

त्या रात्री आमच्या सोप्यात बैठक बसली. इंजिनियर, समितीचे लोक, कंत्राटदार, मेस्त्रीमामा, बाबा. पोरं दाराशी उभी.

इंजिनियरांनी दोन वाटा सांगितल्या. २८ दिवस थांबायचं, उरलेले तीन ठोकळे तपासायचे, लागलं तर खांबातूनच नमुना काढायचा आणि मग ठरवायचं. तोवर वरचं काम बंद. नाहीतर दोन खांब आत्ताच तोडून पुन्हा ओतायचे. अजून वर वजन आलेलं नाही, तोडणं सोपं आहे.

माझा वर्गमित्र लाल झाला. "म्हणजे मी काय चोर हाय? गोणीत गोणी घातलीया, मोजून. सळई एक नंबरची. चार बोटं पोरं येतात आणि गावात माझं नाव घालवतात?" मग माझ्याकडे वळून, "ताई, तू तर हुतीस तिथं. तू काय बोललीस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "मी तिला गप्प राहा म्हटलं. माझं चुकलं."

कुणी काही बोललं नाही. समितीतल्या एकानं हलकेच सुचवलं की, दोनच तर खांब, एवढ्या मोठ्या इमारतीत. मे अखेर शाळा सुरू होते, त्याआधी छप्पर पडायला नको का? खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. नव्या शाळेपुढं झेंडा बघायचा म्हणून ते दिवस मोजत होते.

तेव्हा बाबाच बोलले. कंत्राटदाराला म्हणाले, "तुला आठवतंय, चौथीत तुझं गणित चुकलं, तर मी काय करायचो?"

"पाटी पुसून परत मांडायला लावायचासा, गुरुजी."

"मारलं होतं कधी?"

"न्हाई."

"चोर म्हटलं होतं?"

"न्हाई."

"मग?"

थोडा वेळ तो मान खाली घालून बसला. मग मेस्त्रीमामाच उठले. "सकाळी हातोडा म्याच घालतो," म्हणाले. "पाणी म्या घातलंय."

दुसऱ्या दिवशी खांब फोडले. सळ्यांना धक्का लागू नये म्हणून सावकाश, दोन दिवस. मजुरी कंत्राटदारानं सोसली, सिमेंट-खडीचा खर्च समितीनं. नवे खांब ओतताना जनरेटर आदल्या रात्रीच आणून ठेवला होता. पाणी मोजायला मामांनी स्वतः एक डबा आणला, त्यावर खिळ्यानं खूण केली आणि त्या मुलीला म्हणाले, "तू वत, म्या बघतो."

नुसतं ओतून भागत नाही. काँक्रीटला पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर वरून सुकतं आणि आत कच्चं राहतं. मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. मुलांच्या आयांनी पाळ्या लावल्या. खांबांना गोणपाट गुंडाळलं आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ कळशीनं भिजवलं. पहिल्यांदा घातलेलं जास्तीचं पाणी खांब कच्चा करत होतं, आता वरून घातलेलं पाणी तो पक्का करत होतं. हा फरक आमच्या गावातल्या बायकांना आता तोंडपाठ आहे. एकीनं परवा आपल्या घराच्या स्लॅबवर गवंड्याला डबा मोजायला लावला म्हणे.

जुन्या मालाचे उरलेले तीन ठोकळे २८ दिवसांनी फोडले. सरासरी तेरा. हवे होते वीस. कंत्राटदार तिथंच होता. परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, माझी धाकटी यंदा पहिलीत जातीया. त्याच खोलीत बसणार."

जाता जाता

शाळा मे अखेरीस पुरी झाली नाही. दोन वर्ग आणखी तीन आठवडे देवळातच भरले. काहींनी कुरकुर केली. जूनच्या मध्यावर पोरं नव्या खोल्यांत गेली आणि पंधरा ऑगस्टला बाबांनी खुर्चीवर बसून झेंडा पाहिला. चौघे इंटर्न आले होते. मेस्त्रीमामांनी त्या मुलीला नवा ओळंबा भेट दिला. पितळी, दोरी गुंडाळलेला. ती आता कानडी वळणाची का होईना, पण ठसक्यात मराठी बोलते. तिच्या प्रकल्प अहवालात ओळंबा, गुण्या, जोतं, पागोळी हे शब्द तसेच ठेवून पुढे अर्थ दिले होते.

महात्मा फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. ते बांधकामाची कंत्राटंही घेत, हे मात्र एका वाक्यात उरकते. यंदा थोडी जास्त थांबले. शाळा काढणं आणि शाळा बांधणं या दोन्ही कामांत हिशेब चोखच ठेवावा लागतो, हे मला आता जरा जास्त कळतं.

वाचकहो, आपल्या भागात पावसानं खचलेल्या शाळा पुष्कळ आहेत आणि लोकवर्गणीतून कामंही चालू आहेत. आपल्या गावी काम निघालं, तर समितीत बसणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं. प्रत्येक ओतण्याचे ठोकळे भरले का आणि त्यांचा निकाल कुठे आहे? पाणी मोजून घातलं का? दारं बाहेर उघडतात का? उतार एकास बारा आहे का? आणि मुलींना विचारलं का? यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. जवळच्या कॉलेजातली मुलं शिकायला यायला तयार असतात, त्यांना दोन वेळचं जेवण आणि झोपायला सोपा द्यावा. आणि त्यांच्यातलं एखादं बोलू लागलं, तर त्याला माझ्यासारखं गप्प करू नये.

फोडलेल्या खांबाचा एक तुकडा बाबांनी शाळेच्या कपाटात ठेवायला लावला आहे. हातात घेतला तर कडा चुरगळतात. सातवीच्या मुलांना तो दाखवून गुरुजी आता विज्ञान शिकवतात.